वाटेवर ओझे टेकवू नये

कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि पोटात नऊ वर्षं मुरत ठेवलेला राग, एवढं घेऊन यशोधरा रोज सकाळी निसर्ग वनाच्या फाटकावर जायची. किल्ल्या वनखात्याच्या होत्या. राग तिचा स्वतःचा होता, आणि लोणच्यासारखा तो जितका जुना झाला तितका चढत गेला होता.

डिंभ्याच्या खाली, घोड नदीच्या काठाला उंबरवाडी आहे, तिथलं हे वन. वन म्हणजे काय, करंज, जांभूळ, बांबूची चार बेटं, एक म्हातारा उंबर आणि त्यांच्यामधून नदीला धरून गेलेली अरुंद पायवाट. वाघ नाही, बिबट्या नाही. रविवारी पुण्याची माणसं गळ्यात दुर्बिणी अडकवून यायची, खंड्या दिसला की एकमेकांना गप्प करायची, आणि यशोधरा पुढं चालून त्यांना वाट दाखवायची. वाटेच्या शेवटी ओढ्यावर लोखंडी साकव होता. त्यालाही कुलूप, आणि त्याचीही किल्ली तिच्याकडंच.

फाटकावर मोठी पाटी होती. झाडे तोडू नयेत, फुले तोडू नयेत, हे सगळं वर बारीक अक्षरात. आणि खाली ठळक, लाल रंगात: वाटेवर ओझे टेकवू नये. ही ओळ घातली सोपाननं. सोपान म्हणजे वन समितीचा अध्यक्ष, गावातला पिढीजात जमीनवाला, कांद्याचा बागाईतदार. बौद्ध वस्तीतल्या बायका सरपणाच्या मोळ्या घेऊन या वाटेनं यायच्या आणि उंबराखाली मोळी टेकवून घटकाभर बसायच्या. ते साहेबांच्या डोळ्यांत खुपलं. म्हणे वाटेची कड ढासळते! म्हणे पावण्यांना बरं दिसत नाही! गेल्या उन्हाळ्यात त्यानं म्हाताऱ्या इंद्रायणीला चारचौघांत उठवलं, मोळी परत डोक्यावर घ्यायला लावली आणि वर म्हणाला, "बोर्ड वाचा की. तुमी तर लई शिकल्याली माणसं." इंद्रायणी घरी जाऊन दोन दिवस जेवली नाही.

पण यशोधरेचा राग पाटीच्याही आधीचा होता.

शहाण्णव सालच्या भादव्यात तिची आई केशरबाई गेली. वस्तीची दहनभूमी नदीकाठी, आणि तिकडं जायची वाट सोपानच्या बांधावरून. आज्या-पणज्यापासूनची वाट. त्या साली त्यानं कांद्याचं रोप लावलं आणि बांधावर बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. यशोधरेचा भाऊ रत्नदीप त्याच्या दारात जाऊन हात जोडून उभा राहिला. म्हणाला, "भाऊ, आजच्या दिवस काट्या बाजूला करा. मयत हाय." सोपान ओट्यावर चहा पीत बसला होता. उठलासुद्धा नाही. "वड्यातून न्या की," म्हणाला, "वडा काय माझ्या बापाचा न्हाई."

नेली मग ओढ्यातून. साकव तेव्हा झाला नव्हता. मयताला वाटेत एकदा विसावा द्यायचा असतो. तिरडी खाली टेकवायची, पुढचे खांदेकरी मागं जातात, मागचे पुढं येतात. वस्तीत बाकीचे जुने विधी सुटले होते, पण विसावा सुटला नव्हता. तिथं उभं राहून सगळे त्रिशरण म्हणायचे. गुडघाभर चिखलात टेकवणार कुठं? रत्नदीपचा पाय सरकला, तिरडी कलली, आणि केशरबाईचा हात चादरीतून निसटून खाली लोंबला. बोटं चिखलाला लागली. यशोधरा मागून चालत होती, तिनं ते पाहिलं. विसाव्याविना आई गेली. त्या दिवशी तिनं मनात म्हटलं, तुझ्याबी दारात तिरडी बांधतील की रे सोपान, घोडामैदान काय लांब न्हाई.

दोन हजार पाचच्या भादव्यात बांधली. सोपानची आई अंबाबाई गेली. आठवडाभर पाऊस कोसळत होता, धरणातून पाणी सोडलं होतं, नदी फुगून ओढ्याच्या तोंडात शिरली होती. गावाच्या मसणवट्याचा रस्ता ज्या मोरीवरून जायचा ती मोरी पाण्याखाली. ओढा ओलांडायचा तर एकच जागा उरली: वनातला साकव.

गावातले जुने जाणते धर्माजी पुढं आले. म्हणाले, "पोरी, फाटक उघड. दुसरी वाट न्हाई."

"उघडते की," यशोधरा म्हणाली. "मयताची वाट आडवू न्हाई, येवढी माणुसकी आमच्यात हाय." आणि तिनं फाटक सताड उघडलं. सोपानच्या जिवात जीव आला. "फकस्त पुढं मी चालणार. वाट दाखवणारा असल्याबिगर आत जायचं न्हाई, असं समितीनंच ठरवलंय."

मयताच्या पुढं बाई, तीही वस्तीतली! लोकांनी एकमेकांकडं पाहिलं आणि गिळलं. तिच्यामागं सोपान, हातात विस्तवाचं मडकं टांगलेलं. त्याच्यामागं तिरडी, पुढच्या खांद्याला त्याचा धाकटा भाऊ गोरख. यशोधरा रविवारी चालते तशीच चालली, सावकाश. घाई कसली?

उंबर आला. सावली, सपाट जागा, विसाव्यालाच केलेली. धर्माजी म्हणाले, "टेकवा आता." खांदेकरी वाकले.

"अं हं!" यशोधरा मागं वळली. "टेकवायचं न्हाई. बोर्ड वाचला न्हाई व्हय?"

"अगं ए भवाने," गोरख ओरडला, "मयत हाय त्ये! ओझं न्हाई!"

"तुझ्या खांद्यालाच इचार, ओझं हाय का न्हाई त्ये."

गोरख खांदा दुसऱ्याला देऊन तिच्या अंगावर धावणार होता. धर्माजींनी हात आडवा घातला. "मयत खांद्यावर असताना भांडत न्हाईत. आन् बोर्ड तुमचाच हाय, बाबांनो." सोपाननं नदीच्या उलट्या बाजूला पाहिलं. वनाच्या तारेच्या कुंपणापलीकडं सगळी वस्ती उभी होती, चिडीचूप. पुढं इंद्रायणी, दोन्ही हातांनी तार धरून. आज आपल्या आईसाठी पाटी मोडली तर उद्या हीच म्हातारी उंबराखाली पाय पसरून बसेल आणि सगळा तालुका हसेल, हे त्याला कळत होतं. माणूस आईच्या मयतातसुद्धा असले हिशेब करतो, बघा. "चला," तो म्हणाला.

चालले. अंबाबाई अंगानं भरलेली बाई, वरून पाऊस, कपडा भिजून जड झालेला. वाट एवढीशी, चालता चालता खांदा बदलायलाही जागा नाही. मागं धापा ऐकू येऊ लागल्या, कुणीतरी "आई गं" म्हणालं. मडक्याची धग सोपानच्या मांडीला लागत होती, धूर डोळ्यांत जात होता. यशोधरा मागं बघत नव्हती, पण कान मागंच होते. तिला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोला, लई बरं वाटत होतं.

"यशोधरे," सोपान हलकेच म्हणाला, "माझ्या आईनं तुझं काय वाईट केलं?"

"माझ्या आईनं तुझं काय केलं व्हतं?"

सोपाननं मडकं दुसऱ्या हातात घेतलं. मग म्हणाला, "कवाचं काढतीस?"

"म्हंजी ध्यानात हाय तर."

बांबूची बेटं मागं पडली, वाट उतरली आणि ओढ्याचा काठ लागला. यशोधरा साकवाच्या फाटकाला पाठ लावून उभी राहिली आणि खाली बोट दाखवलं.

"हितं वनाची हद सरली. हितं बोर्ड न्हाई. द्या इसावा."

खाली काळा, लिबलिबीत चिखल होता. खांदेकरी बघतच राहिले.

"हितं?" गोरख म्हणाला.

"हितंच. हितंच माझ्या भावाचा पाय सरकला, हितंच माझ्या आईचा हात चिखलात लोंबला. तिला टेकवायलाबी मिळालं न्हाई. तुमच्या आईला मिळतंय, नशिबाची हाय." तिनं मुठीतली किल्ली वर केली. "नसंल टेकवायचं तर ऱ्हाऊ द्या. साकव उघडते, जावा इसाव्याबिगर. माझी गेलीच की."

पुढच्या दोघा खांदेकऱ्यांना आता पाऊलभरही पुढं जाववत नव्हतं. सोपान खाली उतरला. गुडघ्यापर्यंत रुतला, मडकं वर धरून उभा राहिला आणि म्हणाला, "टेकवा."

टेकवली. बांबूच्या फटींतून चिखल वर आला, अंबाबाईच्या नव्या हिरव्या लुगड्याला लागला. नवऱ्यामागं राहिली नाही म्हणून सकाळी साऱ्या गावानं तिची ओटी भरली होती. विसाव्यावरचा खडा उचलायचा असतो, मसणात पाण्याचं मडकं फोडायला. सोपाननं चिखलात हात घालून खडा काढला. मग त्याच हातानं आईच्या पायांवरचा चिखल पुसायला गेला आणि तो आणखीच पसरला. तेव्हा तो रडला, मोठ्यानं, लहान पोरासारखा. यशोधरेनं सगळं पाहिलं, नजर काढली नाही. तिला वाटलं होतं आपल्यालाही रडू येईल. आलं नाही.

खांदे बदलले, तिरडी उचलली, तिनं साकव उघडला. तिच्याजवळून जाताना सोपान मान न वळवता म्हणाला, "फिटलं का आता?"

"निम्मं," ती म्हणाली. "कुंपण हाय अजून."

तेराव्यानंतर कुंपण निघालं. गोरखनं शिव्या देत देत काट्या ओढल्या. सोपानला उपरती झाली म्हणावं, तर तसलं काही नाही. घरात म्हातारा बाप खोकत होता आणि साकवाची किल्ली अजून यशोधरेच्याच कमरेला होती, एवढं त्याला उमगलं होतं. नाक दाबलं की तोंड उघडतं, दुसरं काय.

पुढच्या रविवारी यशोधरेनं पहाटेच उठून गवत कापलं, चांगला दणदणीत भारा बांधला आणि नऊ वर्षांनी त्या बांधावर पाय ठेवला. सोपान कांद्यात खुरपत होता. त्यानं वर पाहिलं. बरोबर त्याच्या शेताच्या मधोमध आल्यावर तिनं भारा खाली टाकला, शेजारी बसली, आणि भाऱ्यावर हात ठेवून म्हणाली, "टेक गं आई घटकाभर." मग हात जोडून तिनं त्रिशरण म्हटलं, सोपानला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

सोपान तिच्याकडं बघत राहिला, मग मान खाली घालून पुन्हा खुरपू लागला. ती उठली नाही. मनसोक्त बसली. रडूही आलं, तेही तिनं तिथंच उरकलं, त्याच्या बांधावर. मग भारा डोक्यावर घेतला आणि फाटक उघडायला निघाली. पुण्याची माणसं यायची वेळ झाली होती.