वाळीतल्या घरातला टीव्ही

दुकानदाराने पहिलाच प्रश्न केला, "घरात माणसं किती?"

"एक."

"मग चौदा इंची पुरे झाला, काका. एकट्याला वीस इंची कशाला?"

"मोठा दाखव," मी म्हणालो. "याहून मोठा नाही का?"

"याहून मोठा रत्नागिरीत मिळायचा नाही. पण मी म्हणतो, बघणार कोण?"

मला दुकानात भांडायचं नव्हतं. रंगीत, वीस इंची, लाकडी सरकती दारं असलेला तो संच मी घेतला, सोबत स्टॅबिलायझर आणि अँटेना. बघणार कोण हे मला त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

आमची वाडी शहरापासून एसटीने पाऊण तासावर. पंचवीस घरं. त्यातल्या चोवीस घरांनी माझ्या घराला वाळीत टाकलेलं. कारण ऐकाल तर हसाल. तीन वर्षांपूर्वी गावकीने एका शनिवारी रस्त्याच्या कामाला घरटी एक माणूस बोलावला. मी मिरकरवाड्याला बर्फाच्या कारखान्यात मशिनवर. त्या आठवड्यात मासळी उदंड आली होती, बर्फ पुरत नव्हता, मला सुट्टी मिळाली नाही. पुढच्या बैठकीत गावकीचा प्रमुख, गावकर रावजी म्हणाला, चुकलो म्हण आणि देवळात नारळ ठेव. मी म्हणालो, कामावर गेलो यात चुकलो कुठे? एवढंच बोललो. त्या दिवसापासून कोणी आमच्याशी बोलायचं नाही, आमच्या घरात पाऊल टाकायचं नाही. शिमग्याची पालखी सगळ्यांच्या अंगणात नाचायची आणि आमचं अंगण सोडून पुढे जायची.

मला दिवसभर कारखान्यात माणसं होती. घरी गोदा, माझी बायको, एकटी. आम्हाला मूल नाही. मुंबईला नोकरीत असलेल्या वाडीतल्या माणसांनी वाडीसाठी एक छोटा काळा-पांढरा टीव्ही पाठवला, तो देवळात ठेवला. संध्याकाळी सगळ्या बायका तिकडे जायच्या. गोदा ओटीवर बसून नुसता आवाज ऐकायची.

गेल्या मार्गशीर्षात तिला कावीळ झाली. अंथरुणावरून म्हणाली, "अवो, एक नारळ ठेवा ना. तुमचं काय जातंय?"

मी म्हणालो, "तू बरी हो. त्यांच्यापेक्षा मोठा टीव्ही आणतो तुला. रंगीत."

"मना टीव्ही नको," ती म्हणाली. "मना माणसं हवीत."

मी नारळ ठेवला नाही. बारा दिवसांनी ती गेली. वाडीतलं एक माणूस आलं नाही. कारखान्यातला माझा सोबती केरू माणसं घेऊन आला. खांदा त्यांनी दिला. केरूची बायको आणि तिची जाऊ मासळीच्या टोपल्या तशाच टाकून आल्या आणि गोदेला शेवटची आंघोळ त्यांनी घातली. समोरच्या घराची खिडकी तेवढी उघडी होती. ते घर रावजीचं.

वर्षाच्या आत घरात नवी वस्तू आणू नये म्हणतात. पण मला ते सांगायला येणार कोण होतं? मी बोललो होतो, आणला.

शनिवारी केरूने आणि मी टेंपोतून खोका उतरवून घरात नेला. टीव्ही पुढच्या खोलीत दाराच्या समोर ठेवला, कारण प्लग तिथेच होता. केरू अँटेना घेऊन कौलांवर चढला. या कामाला तीन माणसं लागतात. एक वर, एक टीव्हीजवळ आणि एक मध्ये अंगणात, निरोप सांगायला. इतर कोणाच्या घरी अँटेना लागली की अर्धी वाडी अंगणात जमते. माझ्याकडे तिसरं माणूस नव्हतं. मी टीव्हीसमोर बघायचं, धावत अंगणाच्या कोपऱ्यात यायचं, कारण केरू तिथूनच दिसायचा, "गेलं, अजून फिरव" म्हणून ओरडायचं, परत आत जायचं. तोवर आलेलं चित्र जायचं. अर्धा तास हेच. मला धाप लागली.

"काशीदादा, एक काय ते सांग," केरू वरून ओरडला. "माझ्या पायाखालची कौलं फुटतायत."

मी अंगणात होतो. केरूने दांडा फिरवला आणि समोरून आवाज आला, "आलं! भावजी, आलं! आता हलवू नका!"

रावजीची बायको मथुरा आपल्या अंगणात हातात सूप घेऊन उभी होती. तिथून माझ्या दारातून थेट टीव्ही दिसत होता. बोलली आणि तिने तोंडावर हात ठेवला.

"कोण रे ती?" केरू हसला. "तिला म्हणावं तिथंच ऱ्हा. डोळे चांगले हायत."

दांडा घट्ट करताना चित्र पुन्हा गेलं. मला वाटलं ती आता आत जाईल. ती गेली नाही. हळू आवाजात म्हणाली, "मुंग्या आल्या. जरा देवळाच्या बाजूला." मग, "बास." मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तीन वर्षं हिचा आवाज कुठे होता, हेच माझ्या डोक्यात.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी नऊ वाजता जी मालिका लागायची ती अख्खी वाडी बघायची, पण देवळातला टीव्ही गणपतीत जळाला होता. पावणेनऊला रावजी दारात आला. मागे चार माणसं.

"काशीराम, हाईस का घरात?"

तीन वर्षांत त्याच्या तोंडून माझं नाव निघालं नव्हतं. मी उठलो नाही.

"झालं ते झालं," रावजी म्हणाला. "काल मथुरा बोलली तुझ्याशी. आता घरातल्याच माणसाला काय करणार? आम्ही रात्री बसून ठरवलं. तू नारळ ठेव, मिटवून टाकू. नारळ आम्हीच आणलाय. तू नुसता हात लाव."

"आणि लवकर लाव," मागच्या चौघांतला रामा म्हणाला. "नवाला दहाच कमी हायत."

माझं डोकं फिरलं. मी दारात गेलो.

"गोदा आजारी होती तेव्हा तुमची बैठक बसली नाही. गेली तेव्हा बसली नाही. तुमचा टीव्ही जळला आणि बैठक बसली? कोणी घातली तिला आंघोळ, माहीत आहे? जिला तिचं नावही नीट ठाऊक नव्हतं तिने. आणि तुम्ही समोरच्या खिडकीतून बघत होतात, रावजीबुवा. आज दार आठवलं? मी हात लावायचा? कशाबद्दल? बायको मेली म्हणून?"

रावजी नारळ या हातातून त्या हातात करत राहिला. "तू तेव्हाच ठेवला असतास तर..."

पुढचं तो बोलला नाही, पण मला लागायचं तिथे लागलं. कारण ते खरं होतं. रोज सकाळी उठल्यावर मी स्वतःला तेच विचारतो. पण ते मी विचारायचं. गोदेनं विचारायचं. त्याने नाही.

"चालते व्हा," मी म्हणालो.

तेवढ्यात मथुरा अंगण ओलांडून आली.

"घरात जा," रावजी तिच्यावर खेकसला.

"तेच करतेय," ती म्हणाली आणि त्याच्या बाजूने माझ्या घरात शिरली. "भावजी, मी टीव्ही बघायला नाय आले. गोदा गेली त्या दिवशी मी निघाले होते. यांनी बाहेरून कडी घातली. मी खिडकीत उभी होते. म्हणून उघडी होती ती."

मला हे ठाऊक नव्हतं. तरी माझा राग उतरला नाही. "दहा महिने झाले, वैनी."

"झाले," ती म्हणाली. "हवं तर हाकला. पण बसून मग जाईन." आणि भिंतीला टेकून खाली बसली.

मी रावजीकडे वळलो. "गावकर, आता हिलाही टाका वाळीत. आज तुम्हाला जेवायला कोण वाढणार, तेही बैठकीत ठरवा."

मागे कोणीतरी हसलं. रावजी कोणाकडे न बघता निघून गेला. मग वाडीतली सोनूबाई आली, तिच्या मागे आणखी तिघी. कोणी मला विचारलं नाही, मी या म्हणालो नाही. रामा पायरीवर पाय ठेवायला लागला तेव्हा मात्र मी हात आडवा केला. "तू बैठकीत होतास. तू बाहेर."

मालिका सुरू झाली. मथुरेचं तिकडे लक्ष नव्हतं. तिने विचारलं, "कुठं निजायची ती?" मी खिडकीखालची जागा दाखवली. मग ती सांगू लागली की रावजी शहरात गेला की ती मागल्या कुंपणाशी यायची आणि गोदा अलीकडून बोलायची, दोघी खाली बसून, कोणाला दिसू नये म्हणून. सोनूबाईने एकदा कुंपणावरून गोदेला फणसाची भाजी दिली होती. गोदेनं मला यातलं काही सांगितलं नव्हतं. मला ती भाजी आठवली. मी ती खाल्ली होती, आणि कुठून आली ते विचारलं नव्हतं.

मला नीट ऐकू येईना म्हणून मी टीव्हीचा आवाज बंद केला. बायका मथुरेकडे वळून बसल्या.

"आवाज गेला का रे?" रामा अंगणातून ओरडला.



"पुढं सांगा, वैनी," मी म्हणालो.