काकूंचा गुडघा

बटणवाल्या काकूंचा गुडघा ठणठणीत होता. तरीही त्या शुक्रवारी त्यांनी त्याला जाड पट्टी गुंडाळली आणि लंगडत सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघराच्या, पायरीवर येऊन बसल्या.

कारण होतं सिनेगॉगच्या अध्यक्षांचं भाषण. अध्यक्ष म्हणजे कोपऱ्यावरचे दातांचे डॉक्टर. आदल्या आठवड्यात ते छाती फुगवून म्हणाले होते की आपला समाज सगळ्यांच्या सहभागावर चालतो. तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते आणि काकू टेबलाखाली वाकून सांडलेलं गोळा करत होत्या. दार उघडणं, खुर्च्या मांडणं, पुस्तकं पुसणं, प्रार्थनेला लागणारी दहा माणसं फोन करकरून जमवणं, सगळं त्यांच्याच गळ्यात. सगळ्यांच्या सहभागावर चालतं ना? मग चालू दे, असं मनाशी म्हणत त्यांनी सकाळीच किल्ली डॉक्टरांच्या हातात ठेवली आणि गुडघ्याचं रडगाणं गायलं.

आता मजा सुरू झाली. लोकांचे जबडे सहज उघडणाऱ्या डॉक्टरांना ते कुलूप उघडेना. दार जरा वर उचलून किल्ली फिरवावी लागते, हे काकूंना ठाऊक होतं. पण त्या मूग गिळून बसल्या. शेवटी प्रार्थनेला आलेल्या गल्लीतल्या वायरमनने खांदा लावला तेव्हा दार हललं.

आत माणसं मोजली तर नऊच, काकू धरून. तिथे बायकाही मोजत. सूर्य कलायला लागला होता, आणि शब्बाथची प्रार्थना सूर्यास्ताला सुरू व्हायला हवी होती. फोन कुणाला करायचा, ते काकूंशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी पर्स मांडीवर घट्ट धरली आणि छताकडे पाहिलं. डॉक्टर घामाघूम झाले, मग एकाएकी दवाखान्याकडे पळाले. परतले ते एका शिंप्याला दंडाला धरून. हा गृहस्थ गेली कित्येक वर्षं सिनेगॉगचं नाव काढलं की गल्ली बदलायचा. आज तो दाढ भरायला आला होता आणि अर्धं तोंड बधिर असल्यामुळे त्याला नकार देता आला नव्हता.

प्रार्थना लागली. शिंप्याचं ‘आमेन’ दर वेळी ‘आवेन’ होऊन बाहेर पडे आणि मागची रांग खोकल्याच्या आड हसे. नेहमी गाणारे मास्तर परगावी गेलेले, म्हणून वायरमन उभा राहिला. त्याने आपल्या आजोबांची चाल धरली. साधी, थोडी खडबडीत. काकूंचं हसू मावळलं. इतक्या वर्षांत ही चाल इथे एकदाही ऐकू आली नव्हती, कारण कुणी गायचं ते काकूच ठरवत आणि वायरमनला त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

प्रार्थनेनंतर काकूंच्या नणंदेने द्राक्षरसाचे पेले भरले आणि खुर्च्या गोल मांडायला घेतल्या. गोल! काकूंच्या जिवाची नुसती तगमग झाली. खुर्च्या रांगेतच हव्यात, त्याही भिंतीपासून वीतभर सोडून. बराच वेळ त्यांनी स्वतःला आवरलं. मग नणंदेची पाठ वळलेली पाहून त्या टुणकन उठल्या आणि दोन खुर्च्या सरळ केल्या.

“वहिनी,” नणंद मागे न बघताच म्हणाली, “दुखणारा गुडघा कोणता?”

काकूंनी पायाकडे पाहिलं. पट्टी घोट्यापाशी घसरली होती.

“तुम्ही काम करून दमता, हे दिसतं हो आम्हाला,” नणंद हळूच म्हणाली. “पण मी खुर्चीला हात लावला की तुम्ही म्हणता, राहू दे, तुला जमायचं नाही. मग मीही राहू दिलं.”

काकूंनी पट्टी सोडून पर्समध्ये कोंबली आणि त्या गोलातल्या एका खुर्चीवर बसल्या. समोर शिंपी वाकड्या ओठाने पेला सावरत होता. अर्धा रस त्याच्या सदऱ्यावर गेला, पण गडी हलायला तयार नव्हता. डॉक्टर पुढच्या शुक्रवारी दार उघडायला कोण येणार ते विचारत होते आणि वायरमनने हात वर केला होता.

पुढच्या शुक्रवारी काकू दुकानात निवांत बटणं निवडत बसल्या. काम नाही, तर घाई कसली! इतक्यात शिंपी दारात आला. आता त्याचं तोंड पूर्ण ताळ्यावर होतं.

“काकू, चला लवकर. नऊ माणसं झालीत, तुमच्यावाचून अडलंय.”

काकू म्हणाल्या, “आले, आले,” आणि दुकानाला कुलूप न लावताच निघाल्या.