नवव्या कार्डावरचा डाग

मी नऊ नंबरचं पोस्टकार्ड बोलतेय. कार्डाला काय बाई आणि काय बुवा, असं तुम्ही म्हणाल. पण माझ्या अंगावर एका बाईचा चेहरा आहे, डोक्यावर पिसांची टोपी आहे, हातात पंखा आहे आणि ओठांना लाली आहे. एवढा थाट असताना स्वतःला 'बोलतोय' म्हणवून घ्यायला माझी जीभ रेटत नाही.

माझ्याखाली छापलंय, 'बुलबुल, नं. ९'. बुलबुल हे त्या काळच्या एका गाणाऱ्या नटीचं लाडाचं नाव. बोलपट तेव्हा नुकतेच बोलायला लागले होते आणि ही त्यांत गायची. तिकिटाच्या रांगेत उभे असलेले लोक आत शिरण्याआधीच तिची गाणी गुणगुणायचे. तिचे फोटो छापलेली पोस्टकार्डं निघाली, बारा कार्डांचा एक संच. लोक ती आरशात खोचायचे, वहीत ठेवायचे, क्वचित कुणी पाठवायचेसुद्धा.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण ती पोटात ठेवण्यात माझं सगळं आयुष्य गेलं. माझ्यावरची बाई बुलबुल नाही.

झालं असं की बाराही फोटो एकाच दिवशी काढायचे ठरले होते. स्टुडिओ वरच्या मजल्यावर होता, छताला काचा होत्या, उजेड होता तोवरच काम. अकरा फोटो झाले आणि बुलबुलबाईंची अक्कलदाढ ठणकायला लागली. गाल बघता बघता सुजला. फोटोग्राफरने खूप विनवण्या केल्या, तेव्हा बाई म्हणाल्या, उरलेला एक तुमच्या आत्याबाईंचा काढा, आणि गाडीत बसून निघून गेल्या. इकडे पाकिटांवर 'बारा कार्डांचा संच' असं छापूनही झालं होतं.

शेजारच्या खोलीत कार्डं रंगवायचं काम चालायचं. लांब टेबलाशी सहा मुली ओळीने बसायच्या, प्रत्येकीकडे एकच रंग. कार्ड हातोहात सरकत जायचं. पहिली टोपी रंगवायची, दुसरी शाल, तिसरी गाल, आणि शेवटची ओठ. ही ओठवाली मुलगी बांध्याने साधारण बुलबुलसारखी होती. फोटोग्राफरने तिला हाताला धरून आणलं, टोपी चढवली, शाल पांघरली, हनुवटी झाकायला पंखा दिला आणि खुर्चीत बसवलं.

"हलू नकोस," तो म्हणाला, "आणि हसू तर अजिबात नकोस."

ती हलली नाही. हसलीही नाही, पण ते हसू तिने कसं दाबलंय ते माझ्या ओठाच्या डाव्या कोपऱ्याला विचारा.

या मुलीची कामाची एक सवय होती. ब्रश रंगात बुडवला की ती आधी तो डाव्या हाताच्या मधल्या बोटाच्या नखावर टेकवून बघायची. रंग जरा जास्त ओला असला तर ओठांवरून ओघळ येतो आणि गाणाऱ्या बाईची रक्त ओकणारी बाई होते. दिवसाकाठी शेकडो ओठ, म्हणजे शेकडो वेळा नखाला लाल रंग. नख लाल झालं ते झालंच, साबणाने जाईना की घासलेटने. आणि फोटोत नेमकं तेच बोट पंख्यावर पुढे आलं. त्या काळच्या कॅमेऱ्याला लाल रंग काळा दिसायचा. त्यामुळे माझ्या पंख्यावर मुंगीएवढा काळा डाग बसला. घाईत कुणाच्या लक्षात आलं नाही.

फोटो शेवटचा असला तरी संचात मला नववा नंबर दिला. मग मी छापून झाले आणि माझ्या हजारो बहिणींबरोबर त्याच टेबलावर आले. स्वतःचेच ओठ हजारो वेळा रंगवणारी बाई जगात दुसरी झाली नसेल. बाकीच्या पाच जणी तिला बुलबुलबाई म्हणून चिडवायच्या. फोटोग्राफरने मात्र बाहेर बोलायचं नाही अशी तंबी दिली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची. तिने आठवण म्हणून एक कार्ड मागितलं, तर तो म्हणाला, तो विकायचा माल आहे. तिला काही मिळालं नाही. नख तेवढं लाल राहिलं.

माझंही एक दुःख होतं. पोस्टकार्डाचा जन्म प्रवासासाठी असतो. पाठीवर कुणाचा तरी मजकूर, तिकीट, शिक्का, मग कुणाच्या तरी दाराखालून आत. माझ्या नशिबी ते नव्हतं. मला एका न्हाव्याने घेतलं आणि आरशाच्या चौकटीत खोचलं. तीस वर्षं मी साबणाचा फेस बघितला. गिऱ्हाइकं गाल फुगवून माझ्याकडे बघायची आणि न्हावी त्यांना सांगायचा की ही माझ्या ओळखीची आहे. दुकान बंद झालं तेव्हा त्याच्या सुनेने मला एका जाड शब्दकोशात खुणेला ठेवलं, आणि शब्दकोश उघडायची गरज त्या घरात पुढे कुणालाच पडली नाही. 'म' आणि 'य' यांच्या मध्ये मी किती वर्षं पडून होते ते सांगता येणार नाही. तिथे खिडकी नव्हती.

रद्दीच्या दुकानात तो शब्दकोश उघडला तो एका दातांच्या डॉक्टरांनी. दवाखाना पुढे आणि घर मागे, असा त्यांचा संसार. जुन्या नट्या आणि गायिकांची कार्डं जमवायचं त्यांना वेड होतं. बुलबुलच्या संचातली अकरा त्यांच्याकडे होती. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, ते शेपूट म्हणजे मी. बावीस वर्षं ते मला शोधत होते. मला बघून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि घासाघीस न करता पैसे दिले. आपण फारच कमी सांगितले की काय, याची रद्दीवाल्याला आठवडाभर रुखरुख लागली.

डॉक्टरांच्या घरी माझा बडेजाव सुरू झाला. हाताने शिवायचं नाही, चिमट्याने धरायचं. पहिल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "अहो, हा चिमटा दवाखान्यातला नाही ना?" डॉक्टरांनी विषय बदलला, त्यावरून काय ते मी समजले. पाठ कोरी बघून तर त्यांना स्वर्ग दोन बोटं उरला. कार्ड जमवणाऱ्यांच्या जगात कोऱ्या पाठीचं कार्ड सगळ्यात वरचं. त्यावर कुणी दोन ओळी खरडल्या की त्याची पत गेली. म्हणजे मला ज्या गोष्टीचं दुःख, तीच माझी थोरवी.

एकच कुसळ त्यांच्या डोळ्यात होतं. तो डाग.

जमवणाऱ्यांची एक मंडळी आहे, दर महिन्याला भेटतात. त्यांच्यात नऊ नंबरच्या डागाची केवढी चर्चा. कुणी म्हणे छपाईत माशी चिकटली, कुणी म्हणे शाईचा थेंब. बिनडागाचं नऊ नंबर कुठेतरी आहे आणि ते आपल्या मेव्हण्याच्या मित्राने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, असं सांगणारा एक तरी प्रत्येक बैठकीत निघायचा. वेड्यांनो, मुलीलाच लाल नख होतं, तर बिनडागाचं येणार कुठून? पण मला तोंड असून बोलायची सोय नव्हती.

प्रत्येकाने आपापलं कार्ड घासून बघितलं होतं. माझ्या कित्येक बहिणींची बोटं अशी झिजून गेली. आमचे डॉक्टर तर हातात हत्यारं असलेला माणूस. आधी खोडरबर झालं, मग पावाचा मऊ भाग झाला, मग एका दुपारी दातांवरचं किटण काढायचं बारीक हत्यार घेऊन ते माझ्यावर वाकले आणि सवयीने म्हणाले, "दुखलं तर सांगा." दुखलं, पण सांगणार कसं? डाग गेला नाही. नखाजवळची चकाकी मात्र गेली.

त्याच महिन्यात मंडळींचं प्रदर्शन भरलं. पूर्ण संचाला चषक मिळणार होता. काचेखाली आम्ही बाराजणी ओळीने मांडलेल्या, डॉक्टर नवा कोट घालून शेजारी उभे. परीक्षक दोन टेबलं पलीकडे आलेले असताना एक सत्तरीच्या बाई आल्या. कपडे शिवून पोट भरणाऱ्या होत्या, ब्लाऊजला दोन सुया टोचलेल्या तशाच राहिल्या होत्या. त्या माझ्यासमोर थांबल्या आणि काचेवर हात ठेवला.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "ही बुलबुल नाही. ही माझी आई आहे."

डॉक्टरांना वाटलं, थट्टा आहे. बाईंनी शांतपणे सगळं सांगितलं, अक्कलदाढ, टोपी, पंखा, ओठ रंगवायचं काम. आई वारल्याला पुष्कळ वर्षं झाली होती. तिचा एकही फोटो घरात नव्हता. नवव्या नंबरात मी आहे, असं ती सांगायची, आणि मुलीने इतकी वर्षं ज्याला ज्याला विचारलं त्याने तिला वेड्यात काढलं होतं. कार्ड न्यायला आलेली नाही, नुसतं बघायचं होतं, असंही त्या म्हणाल्या.

परीक्षक एव्हाना जवळ आले होते आणि ऐकत होते. डॉक्टरांनी झटकन हिशेब केला. ही बुलबुल नसेल तर संच अकराचा, आणि चषक गेला.

"पुरावा काय?" त्यांनी विचारलं.

"ते नख बघा. रंग तपासून तपासून लाल झालेलं. रंगाचं काम तिने शेवटपर्यंत केलं, ती गेली तेव्हाही लालच होतं, मीच तिचे हात धुतले."

डॉक्टर हसले. वाईट माणूस नव्हे हो, पण बावीस वर्षांची हौस पणाला लागली होती. "बाई, हा डाग काळा आहे," ते म्हणाले, आणि परीक्षकांकडे बघून खांदे उडवले. तेही हसले.

बाई वाद घालत बसल्या नाहीत. जाताना दाराशी ठेवलेल्या अभिप्रायाच्या वहीत नाव-पत्ता लिहिला आणि पुढे एकच शब्द: 'भेटले.' मला ओरडून सांगावंसं वाटलं की तिचं खरं आहे. पण मी आपली 'हलू नकोस'वाली. चषक डॉक्टरांना मिळाला.

सोमवारी दुपारी पेशंट नव्हते. डॉक्टर चषक पुसत बसले होते आणि हसत हसत बायकोला तो किस्सा सांगत होते. डॉक्टरीणबाई वाटाणे सोलत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान वर न करता म्हणाल्या, "माझ्या आजीचा लाल कोट आठवतो का? फोटोत कोळशासारखा दिसतो."

डॉक्टरांचा हात थांबला. ते उठून कपाटाशी गेले. चार नंबरच्या कार्डाची एक जादा प्रत त्यांच्याकडे होती, न रंगवलेली, नुसती करडी. तिच्यावर खरी बुलबुल होती, ओठ रंगवून फोटोला बसलेली. त्या प्रतीत तिचे ओठ काळे कुळकुळीत होते. डॉक्टरांनी भिंग घेतलं. ते ओठ बघितले, माझा डाग बघितला, परत ओठ, परत डाग. मग भिंगातून पहिल्यांदाच त्यांना दिसलं की तो डाग पंख्यावर नाही, बोटाच्या टोकाला आहे, आणि त्याला नखाची गोलाई आहे.

त्यांनी भिंग खाली ठेवलं. मग म्हणाले, "मी तिचं नख खरवडत होतो गं. आणि तिच्या मुलीला हसलो."

"मग जा आणि माफी मागा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

डॉक्टर दुसऱ्यांच्या तोंडात बिनधास्त हात घालतात, पण स्वतःचं तोंड दाखवायची वेळ आली की गडबडतात. त्यांनी आधी मंडळींना पत्र लिहून चषक परत पाठवला. मग मला पाकिटातून बाहेर काढलं. चिमट्याने नाही, बोटांनी. कित्येक वर्षांनी मला माणसाच्या हाताची ऊब लागली. त्यांनी मला पालथी घातली आणि पेनचं टोपण काढलं.

माझा विश्वास बसेना. कार्ड जमवणारा माणूस कोऱ्या पाठीवर शाईने लिहितोय, म्हणजे हलवायाने मिठाईत मीठ घालावं तसं. त्यांनी लिहिलं, 'तुमच्या आईचं नख लालच होतं. मी ते पुसायला निघालो होतो. मला माफ करा. हे कार्ड तुमचं आहे.' खाली सही केली, वहीतून उतरवून आणलेला पत्ता घातला, तिकीट चिकटवलं आणि कोपऱ्यावरच्या पेटीत मला स्वतः नेऊन टाकलं. पेटीत पडताना कान दुमडला. त्याचं मला काही वाटलं नाही.

काय सांगू तो प्रवास. वीजबिलं, बँकेची पाकिटं, एक लग्नाचं आमंत्रण, सगळ्यांमध्ये मीच म्हातारी आणि मीच नवखी. शिक्का बसला तेव्हा डोळ्यांसमोर तारे चमकले. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांच्या कोऱ्या पोस्टकार्डाला पहिला शिक्का बसला, तो दिवस मी विसरणार नाही.

शिवणाऱ्या बाईंनी मला दारातच उभ्याने वाचलं. मग आत येऊन शिलाई मशीनवरचे कपडे बाजूला केले, मला उलटवलं आणि दिव्याखाली धरलं. आई आठवायची ती त्यांना म्हातारीच आठवायची. इथे ती एकोणीस वर्षांची होती, स्वतःच्या या लेकीच्या नातीएवढी. त्यांनी नखावरून अंगठा फिरवला, अगदी हलका. मग त्यांची नजर वर सरकली आणि ओठांच्या डाव्या कोपऱ्यावर थांबली. एवढे रसिक, एवढी भिंगं, एवढे परीक्षक झाले, पण ते कुणालाच दिसलं नव्हतं.

"आई," त्या म्हणाल्या, "तू हसतेयस."

आता मी त्यांच्या मशीनवरच्या फळीवर असते, दोऱ्याच्या रिळांना टेकून. कान दुमडलाय, पाठ लिहिलेली, शिक्का पुसट. मंडळींच्या हिशेबी माझी पत मातीमोल झाली. मी मात्र मजेत आहे. डॉक्टर अधूनमधून कोट उसवला म्हणून येतात. कोट इतक्या वेळा कसा उसवतो, हे बाई विचारत नाहीत. त्यांच्या संचात नववी जागा आता रिकामी आहे, आणि तिथे त्यांनी चिठ्ठी लावलीय की या फोटोच्या वेळी बुलबुलबाई घरी गेल्या होत्या.

तुमच्या घरी एखाद्या जुन्या फोटोवर डाग असेल, तर खोडरबर उचलायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, एवढंच माझं मागणं आहे. तो डाग कुणाचा तरी असू शकतो.

बरं, पुरे करते. बाईंनी मशीनच्या पॅडलवर पाय ठेवला, मशीन सुरू झालं. फळी हादरतेय, रिळं नाचतायत, त्यांच्याबरोबर मीही. हलू नकोस म्हणाला होता तो फोटोग्राफर, आणि हसू तर अजिबात नकोस. आता दोन्ही करते.