एका दिव्याला दोन डिपर

रविवारी सकाळी बंगळुरूला जे. पी. नगरच्या घरासमोर शंतनुने वडिलांच्या जुन्या जावा मोटरसायकलचा हेडलाइट उघडला आणि आतून जे काही बाहेर आलं ते बघून कपाळाला हात लावला. एवढ्याशा डोममध्ये एकवीस वायरी. कुठे काळी कापडी टेप, कुठे मेणबत्तीवर शेकून बसवलेलं प्लास्टिक, कुठे नुसतंच पिळून ठेवलेलं तांबं. वासुदेवराव सरकारी कारखान्यात चौतीस वर्षं इंजिनियर होते, पण घरच्या गाडीवर हात चालवताना त्यांच्यातला इंजिनियर बहुधा चहाला जात असावा.

"आई, हे बघ. याला वायरिंग म्हणायचं? शेवया आहेत नुसत्या."

सुनंदाबाई पायरीवर बसून अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा शेंगांत घातली. वासुदेवरावांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. तेव्हापासून गाडी जिन्याखाली जुनी चादर पांघरून उभी होती, आणि रोज दूध घ्यायला जाताना सुनंदाबाई तिच्यावरून हात फिरवून जात. आज संध्याकाळी शंतनु ती व्हाइटफील्डला आपल्या फ्लॅटवर नेणार होता. त्याआधी दिव्याचं वायरिंग साधंसुधं करून टाकायचं, असा त्याचा बेत. कागदावर चित्रच काढून आणलं होतं पठ्ठ्याने. बॅटरी, फ्यूज, रिले, बल्ब, आणि मध्ये मोजून नऊ रेघा.

बूट दारात काढून, वडिलांच्या चपला पायात अडकवून तो कामाला बसला. प्रत्येक वायरीला कागदी टेपचं शेपूट लावून त्यावर नंबर घालत गेला. सतरा आणि अठरा या दोन हिरव्या वायरी डाव्या मुठीजवळच्या एका पांढऱ्या बटणाला जात होत्या. टेबललॅम्पला असतं तसलं ते बटण.

"ह्या मुठीवर दिवा खाली-वर करायचा कंपनीचा डिपर आहेच की. मग हे कशाला? एका दिव्याला दोन डिपर?"

आता इथे सुनंदाबाईंनी खरं ते एका वाक्यात सांगून मोकळं व्हायचं. सासू नाही, नवरा नाही, समोर स्वतःच्या पोटचा मुलगा, तोही सदतीस वर्षांचा घोडा. कुणाला भ्यायचं? वाक्य जिभेवर आलंही होतं. पण तीस-बत्तीस वर्षं ताकास तूर लागू न देण्याची सवय झालेलं तोंड ते! ते आपलं आपणच बोलून गेलं, "मला काय माहीत? तुझ्या बाबांचं असेल काहीतरी."

"सरी, मग काढतो," शंतनु म्हणाला, आणि पकड उचलून त्याने दोन्ही वायरी कापल्या. बटण उचकटून भंगाराच्या ताटलीत टाकलं.

सुनंदाबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

गोष्ट ब्याण्णव सालच्या हिवाळ्यातली. शंतनु तेव्हा चार वर्षांचा, आजीच्या कुशीत झोपणारा. आजी म्हणजे अंबूबाई, सुनंदाबाईंच्या सासूबाई. सुनेने गच्चीवर केस वाळवले तरी दोन दिवस धुसफुसणारी बाई. एका संध्याकाळी नवऱ्याच्या मागे बसून बाजारातून येताना सुनंदाबाई सहज बोलून गेल्या, "अहो, पुढे बसून कसं वाटत असेल हो?" दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला वासुदेवरावांनी बायकोला हलवून उठवलं, आवाज नको म्हणून गाडी ढकलत कोपऱ्याच्या पुढे नेली आणि म्हणाले, "बस पुढे."

स्वतः मागे बसले. लांब पाय दोन्ही बाजूंना जमिनीला टेकवले. पहिल्या गिअरमध्ये गाडी मुंगीच्या पावलांनी निघाली आणि मागे त्यांच्या चपला रस्त्यावर फरफटत आल्या. त्या चपलांच्या आवाजाचा सुनंदाबाईंना केवढा आधार वाटला! पुढे पुढे पाय उचलले गेले, दुसरा गिअर पडला, मग तिसरा. दोन हिवाळे हा कारभार चालला आणि घरात कुणाला कानोकान खबर नव्हती.

बन्नेरघट्टा रोडवर तेव्हा पहाटे धुकं आणि दगडखाणीचे लॉरीवाले, बाकी कुणी नाही. लॉरी आली की दिवा खाली करायचा, हा वासुदेवरावांचा नियम. समोरच्याचे डोळे दिपतात म्हणायचे. पण सुनंदाबाईंचा अंगठा कंपनीच्या डिपरपर्यंत पोचेना, पोचवायला जावं तर मूठ सुटे. पुढच्या रविवारी वासुदेवरावांनी बायकोचा अंगठा स्टीलच्या पट्टीने मोजला, अगदी शर्टाचं माप घ्यावं तसा, आणि एस. पी. रोडच्या बाजारातून हे पांढरं बटण आणून मुठीला लागून बसवलं. नंतर कुणी विचारलं तर सांगायचे, "उगाच, प्रयोग."

दर वेळी ठरलेल्या जागी ते मागून विचारायचे, "जायचं का आणखी पुढे?" आणि दर वेळी सुनंदाबाई म्हणायच्या, "नको हो, परत. आई उठतील."

तिसऱ्या हिवाळ्याआधी अंबूबाई न्हाणीघरात पडल्या. पहाटे हाका मारू लागल्या. फेऱ्या बंद झाल्या, तात्पुरत्या. दोघंही तात्पुरत्याच म्हणाले होते. पण अंबूबाई गेल्या तेव्हा शंतनुची दहावी आली. दहावी झाली तर रस्त्यात गाड्या वाढल्या. मग गुडघे. मग या वयात लोक काय म्हणतील. दर वर्षी दसऱ्याच्या आयुधपूजेला वासुदेवराव गाडी धुवायचे, हार घालायचे, चाकाखाली लिंबू ठेवायचे, आणि सगळं झालं की अंगठ्याने ते पांढरं बटण दाबायचे. भिंतीवरचा उजेड खाली जायचा, वर यायचा.

"चालतंय बरं का, सुनंदा."

"बघू हो."

त्यासाठी दर वर्षी तुटलेली वायर जोडायची, गंजलेलं टोक घासायचं, फुटलेल्या जागी नवी टेप गुंडाळायची. त्या एकवीस वायरींत जो काही गुंता झाला होता ना, त्यातला निम्मा हे एक बटण जिवंत ठेवण्यापायी झाला होता. आणि ही बाई तीस वर्षं बघू म्हणत होती.

सुनंदाबाई उठल्या. ताटलीतून त्यांनी बटण उचललं.

"हे माझं आहे."

"काय तुझं?"

"बटण. मघाशी खोटं बोलले मी. ही गाडी मी चालवायचे."

शंतनु हसला. वाईट नव्हता हसला, पण आईला रिक्षात बसतानाही दांडी घट्ट धरलेली पाहणाऱ्या मुलाचं हसू ते. "आई, तुला सायकल तरी येते का?"

झालं! बाईंचं डोकं फिरलं. त्यांनी पदर कमरेला खोचला, स्टँडवरच्या गाडीच्या पायटेकीवर पाय दिला आणि गुडघ्यांचं काहीही न ऐकता सीटवर चढल्या. आता जावाची एक खोड आहे. तिला किक वेगळी नसते. गिअरचाच लिव्हर आत दाबून वर उचलला की त्याची किक होते. ज्याला ठाऊक नाही तो सगळी गाडी पालथी घालतो आणि किक काही त्याला सापडत नाही. खुद्द शंतनुने कॉलेजात असताना तिच्यापायी अर्धा तास घाम गाळला होता. सुनंदाबाईंनी खाली बघितलंसुद्धा नाही. डाव्या पावलाने लिव्हर आत दाबला, वर उचलला, आणि मुलाकडे पाहिलं.

शंतनुचं हसू जिथल्या तिथे थांबलं.

मग सगळं बाहेर आलं. पहाट, धुकं, स्टीलची पट्टी, लिंबू, बघू हो, सगळं. शंतनु जमिनीवर बसून ऐकत होता. मध्ये एकदाच त्याने विचारलं, "आणि मी कुठे होतो?"

"तू आजीजवळ. तोंड उघडं टाकून झोपलेला."

"मग मला आत्ता का नाही सांगितलंस? मी कापलं ना ते."

"सवयच नाही रे सांगायची," सुनंदाबाई म्हणाल्या. "आणि सांगितलं असतं तर म्हणाला असतास, मग पुढे का नाही चालवलीस? त्याला उत्तर नाही माझ्याकडे. तेवढं एकच मागणं होतं त्यांचं माझ्याकडे, तेही नाही केलं मी. फार आठवण येते रे त्यांची."

शंतनुने आपला कागद जवळ ओढला आणि नऊ रेघांशेजारी आणखी दोन ओढल्या.

"अकरा," तो म्हणाला. "सिंपलच आहे अजून."

दुपारी दोनपर्यंत हेडलाइटचं झाकण पुन्हा बसलं होतं. बाकी सगळा गुंता भंगारात गेला, पण दोन नव्या हिरव्या वायरी रिलेपासून डाव्या मुठीपर्यंत आल्या होत्या, आणि पांढरं बटण पूर्वीच्या जागी बसलं होतं. जागा शोधायला शंतनुने आईचा अंगठा पट्टीने मोजला. त्याने बटण दाबलं. कंपाउंडच्या भिंतीच्या सावलीत उजेड खाली गेला, वर आला.

"चालतंय, आई."

बघू, असं सुनंदाबाईंच्या अगदी ओठांवर आलं. तो शब्द त्यांनी गिळला. "स्टँडवरून काढ," त्या म्हणाल्या.

त्याने फाटक उघडून गाडी रस्त्यावर नेली, आईला बसवलं आणि हळूच हात सैल केला. गाडीचा भार गुडघ्यांवर आला मात्र, ती एका अंगाला कलायला लागली. शंतनुने घाईने पुन्हा धरली. सुनंदाबाईंचे डोळे भरून आले.

"नाही झेपत. उशीर केला मी."

शंतनुने विचारलं, "बाबा कुठे बसायचे?"

"मागे. पाय दोन्हीकडे टेकवून."

तो मागे बसला. उंची बापाचीच घेतली होती त्याने. दोन्ही पाय जमिनीला टेकले आणि गाडी सरळ उभी राहिली. "लाव किक," तो म्हणाला. पहिल्या दोन फुकट गेल्या. तिसऱ्या वेळी आईच्या पावलावर मुलाने आपलं पाऊल ठेवलं आणि गाडी धुराचा लोट टाकून फटफटायला लागली.

भर दुपारी दिवा लावून गाडी पहिल्या गिअरमध्ये निघाली. समोरून एक रिक्षा आली, तसा सुनंदाबाईंचा अंगठा आपोआप बटणावर गेला आणि दिवा खाली झाला. रिक्षावाला आ वासून बघत गेला. मागे रस्त्यावर चपला फरफटत होत्या. सुनंदाबाईंनी मुद्दामच वळून पाहिलं नाही.

कोपरा आला. मागून आवाज आला, "आई, वळवायची का परत?"

"नको," सुनंदाबाई म्हणाल्या. "आणखी पुढे जाऊ."

घरी आता उठणारं कुणी नव्हतं.