मोटरीला शुभेच्छा

सुदर्शनकाकाने मला गाडीतून खाली उतरवलं तेव्हा गाडीपुढे फोडायचा नारळ माझ्याच मांडीवर होता. एवढी एक गोष्ट मी जन्मभर विसरणार नाही, आणि विसरायची इच्छाही नाही.

आधी गाडीचं सांगते. काका पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. त्याचा साहेब लंडनला बसतो. काकाने साहेबाला पटवलं की लॅपटॉप, इंटरनेटचं कार्ड आणि मोबाईल असला की काम कुठूनही होतं, मग महिनाभर फिरता फिरता करतो. एका शाळेची जुनी मिनीबस त्याने घेतली आणि मंचरच्या गॅरेजात तिच्यात झोपायच्या फळ्या, गॅसचा ओटा आणि लॅपटॉपसाठी टेबल बसवून घेतलं. आम्ही तिला घरगाडी म्हणायचो. तिचे पडदे मी शिवलेत, आईच्या दोन साड्यांचे. कोल्हापूर, कोकण, गोवा हा सगळा रस्ता मी नकाशावर काढला. नववीत पहिल्या पाचात आलीस तर खिडकीची जागा तुझी, असं काका सगळ्यांसमोर बोलला होता. मी तिसरी आले. त्यात वक्तृत्व स्पर्धेत ढाल मिळाली, त्यामुळे माझं तोंड एकदम सुटलं होतं. पूर्वीची स्नेहल असती तर मुकाट रडली असती.

निघायच्या सकाळी काकूचा भाऊ भगवंतमामा सूटकेस घेऊन हजर झाला. काकूने त्याला कधी बोलावलं ते आम्हाला ठाऊकच नव्हतं. गाडीत आजी, आजोबा, काका, काकू आणि त्यांची छोटी मुलगी संस्कृती. चालवायला माझे बाबा. आई गाईंसाठी घरी थांबणार हे ठरलेलंच होतं. उरली जागा एक.

"स्नेहल, उतर बाळा," काका म्हणाला. "पोरीच्या जातीला असं मुक्कामाच्या गाडीत अवघडच. आईला धारा काढायला मदत कर. पुढल्या टायमाला नक्की."

संस्कृतीची जात काय मग, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी बाबांकडे पाहिलं. बाबा स्टेअरिंगकडे बघत होते. गाडी काकाची, डिझेल काकाचं, आणि धाकट्या भावापुढे बाबांचा आवाज कधी निघतच नाही. भगवंतमामाने माझ्या मांडीवरचा नारळ घेतला आणि स्वतःच फोडला. चाकांखालची लिंबं फुटली, गाडी निघाली आणि दहा पावलांवर थांबली. काकाने खिडकीतून डोकं काढलं. मला वाटलं, मन बदललं.

"तो फ्लेक्स आजच फाट्यावर लाव हं. नंबरची जागा मोकळी ठेवलीय, मार्करने माझा नंबर टाक. लोकांना शुभेच्छा द्यायला नंबर नको का?"

हा फ्लेक्स काकाने स्वतःच छापून आणला होता. त्यावर गॉगल लावलेला काका, मागे घरगाडी, तिच्याही मागे कुठलातरी बर्फाचा डोंगर. "कळंबचे सुपुत्र मा. सुदर्शनशेठ सहकुटुंब भ्रमंतीस निघाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक : समस्त ग्रामस्थ." समस्त ग्रामस्थांना यातलं काही माहीत नव्हतं.

तर नंबर. काकाचे तसे दोन नंबर. एक खिशातल्या मोबाईलचा. दुसरा आमच्या विहिरीवरच्या मोटरीचा. शेतीपण लांबूनच चालवायची म्हणून काकाने स्टार्टरला एक डबा बसवला होता आणि त्यात एक मोबाईल. त्या मोबाईलला रिंग दिली की मोटर चालू, पुन्हा दिली की बंद. रिंग कुणाचीही चालते. आणि चालू किंवा बंद झालं की डबा लगेच काकाच्या खिशातल्या मोबाईलला रिंग देऊन कळवतो. तो बसवताना रेंज येते का बघायला विहिरीवर मीच उभी होते, त्यामुळे नंबर मला तोंडपाठ.

मी शिडी घेतली, फाट्यावरच्या खांबावर चढले, फ्लेक्स चारी कोपऱ्यांनी घट्ट बांधला. मग जाड मार्करने, लांबून एसटीतूनही वाचता येईल अशा टपोऱ्या आकड्यांत, मोटरीचा नंबर लिहिला.

घरी जाताना विहिरीवर गेले आणि मोटरीचा पाईप फिरवून तोंड परत विहिरीत सोडलं. पाणी विहिरीचं, विहिरीतच जाईल. काकडीचा वेल माझा शत्रू नव्हता. त्याला पाणी द्यायची वेळ झाली की पाईप पुन्हा सरीकडे, ते काम आई आणि मी मिळून करायचो. पाईप विहिरीत का, असं आईने विचारलं तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. ती पदर तोंडाला लावून हसली आणि म्हणाली, "मला काय म्हाईत न्हाई बाई."

त्या आठवड्यात शेतीची लाईट दुपारी यायची. काकाचं साहेबाशी बोलणंही दुपारीच. पुणे-नाशिक रस्त्याने जाणारा येणारा, कळंबातला प्रत्येक माणूस, काकाच्या वर्गातले, काकूच्या माहेरचे, सगळे नंबर लावायला लागले. मोटर घर्र करून चालू व्हायची. कुणी उचलत नाही म्हणून माणूस पुन्हा लावायचा, मोटर बंद. मी विहिरीच्या कठड्यावर बसून बोरं खाल्ल्यासारखी कैऱ्या खायची आणि प्रत्येक घर्रला मनात म्हणायची, ही माझ्या पडद्यांची. ही माझ्या नकाशाची. ही नारळाची.

तिकडे काय चाललंय ते आजी घरच्या फोनवर सांगायची. साताऱ्यात काका साहेबाशी बोलायला बसला की मोटरीच्या डब्याचा फोन वाजायचा. कोल्हापुरात साहेबाचं बोलणं मधेच तुटलं. फोन बंद ठेवावा तर साहेबाचा फोन त्याच नंबरावर. मोटरीला भूत लागलंय, असं आजीचं मत पडलं. काकाने मला विचारलं, मी म्हणाले की लाईटचा लोचा असेल.

मग कुण्या शहाण्याने काकाचा खरा नंबर शोधून काढला आणि सांगितलं, "फ्लेक्सवरचा फोन उचलत न्हाई राव तुमी, लई मोठे झाले." त्या दुपारी घरचा फोन वाजला तेव्हाच मला कळलं, काकाला पत्ता लागला.

"कुठला नंबर टाकलास तू?" काका.

"तुमचाच. मोटर पण तुमचीच आहे ना?"

मग काका जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही. साहेबाने त्याला बजावलं होतं की असली फिरती बंद, एका जागी बसून काम करायचं, नाहीतर दुसरं काम बघायचं.

"आत्ताच्या आत्ता फाट्यावर जा आणि तो फ्लेक्स खाली काढ."

"पोरीच्या जातीने खांबावर कसं चढायचं काका?" मी म्हणाले. "पुढल्या टायमाला नक्की."

आणि फोन ठेवला.

दोन दिवसांनी घरगाडी अंगणात आली. काका माझ्याकडे न बघता आत गेला आणि घरच्या फोनच्या लाईनीला लॅपटॉप जोडून बसला. आजोबा गाडीतून उतरलेच नाहीत. म्हणाले, मला समुद्र बघायचाय, मी न्हाई उतरायचो. आजी त्यांच्या शेजारी पाय पसरून बसलेली. काकू आणि संस्कृतीही जागच्या हलेनात. तेव्हा बाबा पहिल्यांदा बोलले, तेही अगदी सावकाश.

"सुदर्शन इथंच बसून काम करणार म्हणल्यावर घरी माणूस झालंच की. पावणं बी हायेत सोबतीला. स्नेहल, आईला सांग, तुमचे दोघींचे कपडे भर."

"आणि धारा?" काका दारात येऊन म्हणाला.

"मी दाखवते की," आई म्हणाली. "लाथ मारते ती डावीकडची."

भगवंतमामा सूटकेस घेऊन उतरला होता आणि घराच्या ओट्यावर उभा होता. मी त्याच्यासमोर नवा नारळ फोडला, त्याच्या बुटांवर पाणी उडेल असा. मग पुढे, बाबांच्या शेजारी, खिडकीत जाऊन बसले. मागे आई आजीजवळ बसली होती आणि माझे पडदे हलत होते.

आम्ही निघायच्या आधीच काकाने डब्यातलं सिम बदललं होतं. नवा नंबर फक्त त्याच्याकडे आणि, शेती शेवटी कसणाऱ्याची म्हणून, बाबांकडे. दुसऱ्या दिवशी आंबा घाट उतरून आम्ही चहाला थांबलो तेव्हा दुपार होती. बाबांनी घड्याळ बघितलं, खिशातून मोबाईल काढला आणि माझ्या हातात दिला.

"सुदर्शन आता सायबाशी बोलत असंल," ते म्हणाले. "मोटरीला एक रिंग दे."