वाटीतलं काळं तेल

"केबल आहे की दोरखंड!" दौलतराव खिडकीशी पुटपुटले.

नायगावच्या चाळीतल्या एका खोलीच्या संसारात पुटपुटणं ही माणसाची आपली समजूत असते. चपात्या लाटणाऱ्या सुंदराबाईंना शब्दन् शब्द ऐकू आला.

"मला काही म्हणालात?"

"तुला नाही. क्लचला बोललो."

"बोला. माझ्यापेक्षा तोच तुमचं जास्त ऐकतो."

मोटरसायकलच्या क्लचची केबल खिडकीच्या गजाला लटकत होती. वरच्या तोंडाला प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा, मेंदीच्या कोनासारखा गुंडाळून रबर बँडने आवळलेला. त्यात तेल. दौलतराव आतली तार वरखाली ओढत होते, म्हणजे तेल झिरपत खाली उतरावं. आणि थेंब झेलायला खाली सुंदराबाईंची स्टीलची वाटी.

"घरात एवढे रिकामे डबे, आणि माझ्या माहेरचीच वाटी सापडली? आईचं नाव आहे तिच्यावर."

"मग सासूबाईंचाही हातभार लागला म्हणायचं."

सुंदराबाईंनी हसू पिठात दडवलं.

याआधी केबलमध्ये खोबरेल ओतलं होतं. हा दौलतरावांचा खास शोध. केसांना चालतं ते तारेला का नाही? मग जानेवारीतल्या एका गार सकाळी बाटलीतलं खोबरेल थिजलं. त्याच दिवशी दादरच्या सिग्नलला त्यांच्या हातातून क्लच सुटला आणि गाडी उसळून पुढच्या टॅक्सीला टेकली. मागे बसलेल्या सुंदराबाईंचा गुडघा सोलवटला. पण घरात सगळ्यांना केवढं हायसं वाटलं! गुन्हेगार सापडला होता ना. खोबरेल!

लेकीने, अक्षताने, लगेच दुकानातून चांगलं तेल आणलं. "पप्पा, हे गाडीचं. डोक्याला लावू नका."

उभा जन्म बस चालवलेला माणूस. एवढ्या मोठ्या गाडीचं स्टिअरिंग त्याने भेंडीच्या देठासारखं वळवलं. लोणच्याच्या बरणीचं झाकण आपण हल्ली आधी सैल करतो आणि मग "अहो, एवढं उघडून द्या" म्हणतो, हे सुंदराबाई कुणाला सांगणार होत्या? उद्या याच गाडीवरून दादरपलीकडे बहिणीकडे जायचं होतं. वाटेत दादरचा तोच सिग्नल.

वाटीत आधी काळंकुट्ट तेल ठिपकलं, मग तपकिरी, मग अगदी वरून ओतलं तसं स्वच्छ. तार आता बोटाने ढकलली तरी सळसळत होती. दौलतरावांनी ती मुंडावळ्यांसारखी दोन्ही हातांवर घेतली आणि वरात खाली निघाली.

चाळीपुढच्या मोकळ्या जागेत त्यांनी केबल बसवली. समोरच्या खोलीतला राजरत्नही बघायला आला. दौलतरावांनी क्लच दाबला. अर्ध्यावर बोटं थरथरली. कपाळावर घाम.

"अजून जडच आहे," ते म्हणाले.

अक्षताने दाबून बघितला. तो तिच्या दोन बोटांत मुकाट आत गेला, पण तिने जोर लावल्यासारखे दात-ओठ आवळले. "हो ना पप्पा. केवढा घट्ट!"

"मला तर दोन्ही हात लावावे लागतील, काका," राजरत्न हात न लावताच म्हणाला.

"बघितलंस?" दौलतराव मान ताठ करून सुंदराबाईंकडे वळले. "ही केबलच खराब. नवीन टाकतो, मग उद्या बघ कसा झोकात नेतो तुला."

सुंदराबाईंना एकदम गुडघ्याची खपली आठवली. मग ती टॅक्सी. टॅक्सीच्या जागी ट्रक असता तर? त्यांनी पिठाचा हात पदराला पुसला, पुढे झाल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या गाडीचा क्लच धरला. दाबला. सोडला. परत दाबला. काही आवाजसुद्धा नाही.

अक्षता आभाळाकडे बघू लागली. राजरत्नला चपलेचा अंगठा नीट करायचा होता.

"काय गं?" दौलतराव हळूच म्हणाले. "जड आहे ना?"

सुंदराबाईंनी क्लचवरचा हात काढून त्यांच्या तेलकट मनगटावर ठेवला.

"केबल लोण्यासारखी झालीय हो. थकलाय तो तुमचा हात. उद्या आपण बसने जाऊ."