शिसवाचा झोपाळा

बाळांनो, मोठी झाडं तुम्ही पाहिलीच असतील. पण आज माझ्यासाठी मनातल्या मनात एक झाड उभं करा. पेठ वडगावजवळचं गाव. चारी बाजूंना ऊस. उसाला पाणी नेणाऱ्या पाटाच्या कडेला एक घर आणि घरासमोर शिसवाचं झाड. गोलसर पानांचं, दाट. बाहेर ऊन रणरणतंय, आणि झाडाखाली पाय ठेवावा तर मातीसुद्धा गार. झालं उभं? आता त्याच्या आडव्या फांदीला दोरीचा झोका बांधा आणि झोक्यावर मैथिलीला बसवा. ती तिसरीत आहे.

हा झोका तिच्या आईनं, संयोगितानं बांधला होता. संयोगिता जन्मली तेव्हा तिच्या वडिलांनी, वसंतआबांनी, हे रोप लावलं. लहानपणी ती विचारायची, "आबा, झाड मोठं झाल्यावर मला काय?" आबा म्हणायचे, "शिसवाचा झोपाळा. पितळी कड्यांचा!" पण दोन वर्षांपूर्वी संयोगिता आजारी पडली. शेवटच्या उन्हाळ्यात ती माहेरी आली, लेकीसाठी दोरीचा झोका बांधला, आणि पावसाळा सरायच्या आत गेली. तेव्हापासून मैथिली आबांजवळच असते. तिचे बाबा पुण्यात नोकरीला, सणावाराला येतात.

आबांनी आयुष्यभर ऊस पिकवला. भरपूर पाणी, भरपूर खत, की पीक जोमात, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. लेकीच्या झाडालाही त्यांनी काही कमी केलं नाही. पाटाचं पाणी सोडलं, साखर कारखान्यातली मळी खत म्हणून बैलगाडीनं आणून बुंध्याशी टाकली. शेजारचे हंबीरराव चिडवायचे, "वसंता, किती टन उतारा काढणार हाईस ह्या झाडाचा?" आबा हसायचे. बुंधा एका माणसाच्या कवेत मावेनासा झाला.

यंदा मात्र चैत्रात आबांना दोन पायऱ्या चढल्या तरी दम लागायला लागला. झाड तोडायची परवानगी काढून त्यांनी वडगावच्या हुसेन मिस्त्रींना बोलावलं.

हुसेनचाचांनी झाडाला हात लावला, वर पाहिलं. "आबा, थांबूया की अजून. शिसव आज्यानं लावायचं आन नातवंडानं तोडायचं असतंय."

"नातवंड हाय की हे समोर!" आबा म्हणाले. "आन थांबायला मी कुठं हाय?"

मैथिलीनं झोक्याची दोरी घट्ट धरली. "आबा, मला झोका हाय की. नवा नको मला."

"दोरी कुजतीया, बाळ. शिसव कुजत न्हाय. तुझ्या आईला शब्द दिलाय म्या."

अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलेल्या लाकडाला कीड लागत नाही, असं जुनी माणसं म्हणतात. म्हणून पौर्णिमा उलटल्यावर कामाला हात घातला. हुसेनचाचांनी आधी झोका सोडला, दोरीचं वेटोळं करून मैथिलीच्या हातात दिलं. मग करवत सुरू झाली. झाड पडलं तेव्हा अंगणात एकदम इतका उजेड आला की सगळ्यांनी डोळ्यांवर हात धरला.

शिसवाचं खरं लाकूड असतं आतलं. काळं, जांभळट झाक असलेलं. भोवतीचं पांढरं लाकूड किडे खाऊन टाकतात. सगळे बुंध्यावर वाकले. पांढरं, पांढरं, पांढरंच. आणि अगदी मधोमध पेल्याच्या तोंडाएवढं काळं.

"मिस्त्री, फळी निघंल न्हवं?" आबांनी विचारलं.

हुसेनचाचा बराच वेळ त्या काळ्या ठिपक्यावरून बोट फिरवत राहिले. "न्हाय, आबा. पाणी आन मळी खाऊन झाड निस्तं फुगलं. काळं लई सावकाश भरतंय." मग आवाज उतरवून म्हणाले, "लाड लई केलंसा त्याचं."

"लाडकीचंच झाड व्हतं ते," आबा म्हणाले.

मिस्त्री आणि त्यांची माणसं फांद्या गोळा करून निघून गेली. उन्हं कलायला लागली, पण चटका तसाच होता. रोज या वेळी आबा झाडाखाली खुर्ची टाकून बसत. आजही त्यांनी खुर्ची उचलली, नेहमीच्या जागी ठेवली आणि बसले. मग त्यांना ऊन लागलं. तरी ते उठले नाहीत. समोरच्या बुंध्याकडं बघत राहिले. टक्कल तापून लाल झालं.

मैथिली पायरीवरून पाहत होती. तिनं दोरीचं वेटोळं खांद्याला अडकवलं, आबांच्या मागं गेली आणि सूर्याकडं पाठ करून उभी राहिली. तिची सावली आबांच्या डोक्यावर पडली. गुडघ्यांपर्यंत काही पोचली नाही.

"उन्हात कशाला उभी ऱ्हायलीस, पोरी? घरात जा," आबा मागं न बघता म्हणाले.

मैथिली गेली नाही. सूर्य जरासा सरकला, तशी तीही एक पाऊल सरकली.